फिरंगी वल्द

पारशिवनीत आमच्या आधीच्या पिढ्यांना मुलाचं नाव ठेवायला फार विचार करावा लागत नसे. बुधवारी झाला तर बुधा, सोमवारी झाला तर सोमा, मंगळवारचा मंगरू. आधीची दोन-तीन पोरं दगावली असतील तर दगडू, धोंडू, कचरू, भिका. नाव इतकं टाकाऊ ठेवायचं की दृष्ट लावणाऱ्यानं वळूनही बघू नये. बाकी देवांची नावं होतीच. मारोती, नामदेव, पांडुरंग, तुळशीराम. आणि महादेवाची नावं तर घराघरात, कारण पेंच नदीच्या काठाकाठानं महादेवाचं राज्य आहे.

माझ्या काकांचं पाळण्यातलं नाव असंच महादेवाच्या नावांपैकी एक होतं. ते नाव त्यांच्या आधारकार्डावर होतं, मतदारयादीत होतं आणि शेवटी मृत्यूच्या दाखल्यावर आलं. एरवी ते कुणाच्या तोंडात नव्हतं. गाव त्यांना फिरंगी म्हणायचं. आम्ही पोरं फिरंगीकाका म्हणायचो. काकू नवऱ्याचं नाव घेत नसत, पण उखाण्यात घ्यायची वेळ आली की फिरंगीच घेत.

काकांचा जन्म १९४१ चा. अंगाला रंग असा नव्हताच. कातडी दुधासारखी, केस पांढरे, भुवया आणि पापण्याही पांढऱ्या, डोळे फिकट आणि सतत हलते. आज कुठलाही डॉक्टर बघताक्षणी अल्बिनिझम म्हणेल. त्या दिवशी खोलीत सुईण होती. तिनं बाळ आजीच्या कुशीत ठेवताना म्हटलं, "हे तं फिरंगी झालं वं माय." दुसऱ्या दिवशी सकाळी हा शब्द विहिरीवर पोचला होता.

विहिरीवर त्याला वेगळा अर्थ आला. आमच्याकडून नागपूरकडे निघालं की आमडी फाटा लागतो, मग कन्हान, आणि नदी ओलांडली की कामठी. कामठीला इंग्रजांनी १८२१ मध्ये छावणी वसवली. १९४१ म्हणजे महायुद्धाचे दिवस, गोऱ्या सोजिरांचा वावर आमच्या लोकांना नवा नव्हता. आजीचं माहेर कामठीच्या बाजूचं. ती माहेरी राहून आली होती. लोकांनी जोडायचं ते जोडलं.

त्यानंतर आज्यानं काय केलं, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. बारशाला त्यानं महादेवाचं नाव ठेवलं. पोरगं जरा सांभाळण्याजोगं झाल्यावर त्याला घोंगडीच्या सावलीत घेऊन आठवडी बाजारात फिरला. कुणी थांबवून विचारलं की सांगायचा, "फिरंगी. माहा पोरगा होय." लोक जे पाठीमागं म्हणणार ते त्यानं सगळ्यांच्या समोर म्हणून टाकलं. पुढं वाटणी झाली तेव्हा पटवाऱ्याला नाव सांगतानाही त्यानं तेच सांगितलं. म्हणून आमच्या काकांच्या सातबाऱ्यावर कित्येक वर्षं छापलेलं होतं: फिरंगी वल्द, आणि पुढं आज्याचं नाव.

'वल्द' हा शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकांना कदाचित नवा वाटेल. जुन्या मध्य प्रांतात, म्हणजे आमच्या नागपूर-भंडाऱ्याकडच्या कागदपत्रांत तो सगळीकडे आहे. मूळ अरबी, अर्थ मुलगा. अमुक वल्द तमुक, म्हणजे तमुकाचा मुलगा अमुक. विधवेच्या नावापुढं 'बेवा' लिहितात. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढं लागतील.

*

फिरंगी हा शब्द किती लांबून आलाय, हे मला फार उशिरा समजलं. २०१३ च्या मार्च महिन्यात रोममध्ये नवे पोप निवडले गेले आणि त्यांनी फ्रान्सिस हे नाव घेतलं. मी तेव्हा नागपुरात एका शाळेत शिकवत होते. आमच्या स्टाफरूममध्ये एक ख्रिस्ती सहकारी बाई होत्या, मूळच्या कामठीच्या. मधल्या सुट्टीत त्या म्हणाल्या, "या नावाचा पोप आजवर झाला नव्हता. आणि गंमत म्हणजे हे नाव नव्हतंच मुळात. चिडवायचा शब्द होता. फ्रान्सिस म्हणजे फ्रेंचवाला."

मला लगेच काका आठवले. त्या दिवसापासून मी या नावाच्या मागं लागले.

इटलीतल्या असिसी गावात पिएत्रो दि बेर्नार्दोने नावाचा कापडाचा व्यापारी होता. माल आणायला तो फ्रान्सला जायचा. ११८१ किंवा ११८२ साली असाच तो फ्रान्सला गेलेला असताना मागं त्याला मुलगा झाला. आईनं त्याचा बाप्तिस्मा उरकून जोव्हान्नी असं नाव ठेवलं. जोव्हान्नी म्हणजे आपला योहान, इंग्रजांचा जॉन. पिएत्रो परत आला आणि त्यानं पोराला फ्रान्चेस्को म्हणायला सुरुवात केली. त्या काळच्या इटालियनमध्ये 'फ्रान्चेस्को' याचा अर्थ साधा होता: फ्रान्सकडचा, फ्रेंच. जिथं आपला धंदा चांगला चालला होता त्या देशाचं लाडकं नाव बापानं पोराला चिकटवलं. पाळण्यातलं नाव बाजूला पडलं. पुढं हा पोरगा बापाचं कापडाचं दुकान आणि स्वतःच्या अंगावरचे कपडेही टाकून भिक्षेकरी झाला. १२२६ मध्ये वारला आणि दोनच वर्षांनी, १२२८ मध्ये, चर्चनं त्याला संत म्हणून जाहीर केलं. तोवर विरळा असलेलं हे नाव मग युरोपभर पसरलं, ते त्याच्यामुळं.

आता शब्दाकडे बघू. लॅटिनमध्ये हे नाव फ्रान्सिस्कुस असं होतं. त्यातला 'फ्रांक' म्हणजे ऱ्हाइन नदीच्या काठची एक जर्मन टोळी. तिसऱ्या शतकापासून रोमन लोकांच्या लिखाणात तिचा उल्लेख येतो. याच लोकांनी पुढं जो मुलूख जिंकला त्याला त्यांच्यावरून फ्रान्स हे नाव पडलं. शेवटचा 'इस्कुस' हा प्रत्यय 'चा', 'कडचा' अशा अर्थाचा. इंग्लिश, स्पॅनिश या शब्दांच्या शेवटी जो 'इश' आहे, तो त्याचाच भाऊ.

दुसरीकडे अकराव्या शतकाच्या शेवटी क्रुसेडची युद्धं सुरू झाली. पश्चिमेकडून आलेल्या या सगळ्या लोकांना, ते फ्रेंच असोत की जर्मन, अरब एकाच नावानं ओळखत: इफ्रंज. फारसीत त्याचं फरंग झालं. फरंगकडचा तो फरंगी. फारसीतून तो दख्खनमध्ये आला आणि मराठीत फिरंगी झाला.

म्हणजे फ्रांक अधिक इस्कुस, आणि फ्रांक अधिक ई. एक शब्द रोमच्या रस्त्यानं गेला, दुसरा बगदादच्या. दोघांचा अर्थ तोच, फ्रांक लोकांकडचा, आणि बांधणीही तीच. असिसीच्या व्यापाऱ्यानं पोराला जे म्हटलं आणि पारशिवनीच्या सुईणीनं बाळाला जे म्हटलं, तो अक्षरशः एक शब्द आहे.

*

पोपची नावं भाषेभाषेत बदलतात, हेही मला त्याच वर्षी कळलं. आपल्याकडे कुणाचं नाव असं भाषांतरित होत नाही. पण नव्या पोपचं नाव इटलीतल्या पेपरात फ्रान्चेस्को, फ्रान्समध्ये फ्रांस्वा, स्पेन आणि पोर्तुगालमध्ये फ्रान्सिस्को, जर्मनीत फ्रान्झिस्कुस, पोलंडमध्ये फ्रान्चिशेक, चेकमध्ये फ्रांतिशेक, क्रोएशियात फ्रान्यो, हंगेरीत फेरेन्स आणि लिथुआनियात प्रान्चिश्कुस असं छापून येत होतं.

ही यादी मला फार आवडली, कारण तिच्यात आपल्या गावातले उच्चार दिसतात. हंगेरीची भाषा शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर घ्यायला तयार नसे. 'फ्र' आला की मध्ये स्वर घालून तो सुटा करायचा, म्हणून फेरेन्स. फारसीनं नेमकं हेच केलं, म्हणून फरंग. आणि माझी आजी प्रकाशला परकाश म्हणायची आणि प्रभाकरला परभाकर. शाळेला हंगेरियन लोक 'इश्कोला' म्हणतात. आमच्याकडे 'इस्कूल' म्हणत. ज्या भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही, त्या भाषा बोलणाऱ्यांची जीभ अडते मात्र एकाच जागी.

लिथुआनियात फ चा प झाला, कारण त्यांच्या जुन्या बोलीत फ नव्हता. तमिळमध्येही तेच. तिथं फिरंगीचा परंगी झाला, आणि बाहेरून आलेल्या भोपळ्याला परंगिक्काय हे नाव पडलं. थायलंडमध्ये गोऱ्या माणसाला फरांग म्हणतात आणि पेरूलाही फरांगच म्हणतात, कारण तोही बाहेरून आलेला. इथिओपियातही परदेशी माणूस दिसला की पोरं फरंजी म्हणून ओरडतात.

नाव जितकं लाडकं तितकं ते तोडलं-मोडलं जातं. स्पेनमध्ये फ्रान्सिस्कोचा पाको होतो, पांचो होतो, कीको होतो. ब्राझीलमध्ये शिको होतो. बास्क भाषेत पाची होतो, आणि एवढ्या मोठ्या नावातलं त्यात ओळखू येण्यासारखं काहीच उरत नाही. इंग्रजीत फ्रँक, जर्मनमध्ये फ्रान्झ. पियानोवादक लिस्टला जग फ्रान्झ म्हणतं आणि हंगेरी फेरेन्स. स्लोव्हेनियाचा सर्वांत मोठा कवी प्रेशेरेन, त्याचं नाव फ्रान्से. ते लिहिताना देशाच्या नावासारखंच दिसतं, आणि स्लोव्हेनियात कुणाला ते परकं वाटत नाही.

हे नाव एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातं तो क्रमही बघण्यासारखा आहे. असिसीच्या संतावरून इटलीतल्या पाओला गावच्या एका साधूचं नाव फ्रान्चेस्को ठेवलं गेलं. त्या साधूवरून १४९४ मध्ये जन्मलेल्या एका मुलाचं नाव फ्रांस्वा ठेवलं गेलं, आणि तो मुलगा पुढं फ्रान्सचा राजा झाला. परक्यांनी 'फ्रेंचवाला' म्हणून पाडलेलं नाव तीनशे वर्षांनी फ्रेंचांच्याच सिंहासनावर जाऊन बसलं.

*

आपल्याकडे हे नाव दोन वाटांनी आलं. एक वाट समुद्राची. १५४२ च्या मे महिन्यात फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला. हा नाव्हारचा, बास्क मुलखातला. झेवियर हे त्याच्या घराण्याच्या गढीचं नाव. मूळ बास्क शब्द एचेबेरी, अर्थ नवं घर. वसईत नवघर आहे, आपल्याकडे नवघरे आडनावाची माणसं आहेत, तसाच हा माणूस. गोवेकरांनी त्याला 'गोंयचो सायब' करून टाकलं.

दुसरी वाट आमच्या नागपूरची. १८४६ मध्ये आल्प्सच्या पायथ्याच्या आनसी गावातून काही धर्मगुरू विशाखापट्टणमला आले. त्यांचा संघ फ्रांस्वा द साल या संताच्या नावानं काढलेला. पुढं त्यांचं काम नागपूरकडे पसरलं आणि १८८७ मध्ये नागपूरचा वेगळा धर्मप्रांत झाला. इथलं कॅथेड्रल याच संताच्या नावाचं. सेमिनरी हिल्सवरचं कॉलेजही त्याच्याच नावाचं. नागपूरकर त्याला एसएफएस म्हणतात आणि त्या अक्षरांच्या मागं कोण आहे हे कुणी विचारत नाही. त्या फ्रांस्वाचं नावही असिसीच्याच फ्रान्चेस्कोवरून ठेवलेलं होतं.

वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी सुबोध बायबल मराठीत लिहिलं. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला साहित्य संमेलन झालं, त्याचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या निवडीवर काहींनी धर्मावरून आक्षेप घेतला होता. मला तेव्हा वाटलं, या लोकांना कुणीतरी फिरंगोजी नरसाळ्याचं नाव सांगायला हवं होतं. १६६० मध्ये चाकणचा छोटा भुईकोट किल्ला शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेसमोर दीड महिन्याहून जास्त काळ लढवणारा तो किल्लेदार. त्याच्या नावात कुणाला परकेपणा दिसला नाही. तुकाईवरून तुकोजी, तशी फिरंगाई नावाची देवी आपल्याकडे दौंडजवळ कुरकुंभला आहे. फिरंग म्हणजे युरोपातून आलेल्या पात्याची सरळ तलवारही. देवी घ्या की तलवार, शब्द मला तरी तोच दिसतो. तिकडे फ्रांक लोकांच्या फेकायच्या कुऱ्हाडीला फ्रान्सिस्का म्हणत, इकडे तलवारीला फिरंग. दोन्ही हत्यारांना त्या लोकांचंच नाव.

जुन्या मराठीत तर हा शब्द एकाच वेळी दोन रूपांत नांदत होता. फिरंगी म्हणजे पोर्तुगीज, आणि खऱ्या फ्रेंचांना म्हणत फरासीस. त्याच शब्दाचं वाईट रूपही होतं. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात उपदंशासारख्या रोगाला फिरंगरोग म्हटलंय. इटलीतले लोकही त्याला फ्रेंच रोग म्हणत आणि फ्रेंच लोक नेपल्सचा रोग म्हणत. आजार शेजाऱ्याच्या नावावर लोटायची सवय सगळीकडे सारखीच.

*

हे सगळं मी काकांना सांगितलं होतं. २०१३ च्या उन्हाळ्यात गावी गेले तेव्हा. ते ओसरीत अंधाऱ्या बाजूला बसले होते. दिवसा ते तिथंच असत. म्हटलं, "काका, रोमचा मोठा पोप तुमच्या नावाचा झाला."

त्यांनी सगळं नीट ऐकलं. असिसीचा बाप, कापडाचा धंदा, पोरानं टाकलेले कपडे. मग म्हणाले, "त्याले ऊन सोसते का?"

मी म्हटलं, "सोसत असंल."

"मंग तो काहाचा फिरंगी?"

काकांना ऊन सोसत नसे. दहा मिनिटं उन्हात उभं राहिलं की कातडी लाल व्हायची आणि डोळ्यांपुढं पांढरं व्हायचं. शाळेत फळ्यावरचं दिसत नसल्यानं तिसरीतच शाळा सुटली. शेतकऱ्याच्या घरात ऊन न सोसणारा पोरगा म्हणजे खायला एक तोंड, असंच लोक धरून चालले होते. पण आमच्या भागात शेतीचं निम्मं काम रात्रीचं असतं. पेंचचं जंगल जवळ, त्यामुळं रानडुकरांच्या पायी वावरात रात्रभर जागली करावी लागते. विजेची पाळी रात्री आली की ओलीत रात्रीच करावं लागतं. काकांना दिवसा जे धूसर दिसायचं ते रात्री त्यांच्या पायांना आणि कानांना ठाऊक असायचं. पाणी कुठल्या सरीत पोचलं हे ते आवाजावरून सांगत. डुकरं कुठल्या धुऱ्यावर आहेत हे इतरांना बॅटरी मारूनही कळायचं नाही, ते काकांना माच्यावर बसल्या बसल्या कळायचं. आजूबाजूचे पाच-सहा शेतकरी त्यांना जागलीचे पैसे आणि धान्य द्यायचे. रात्री कुणाच्या वावरात आवाज झाला की लोक ओरडायचे, "फिरंगी हायेस का गा?" पलीकडून "हाव" आलं की पुन्हा झोपायचे. माझ्या लहानपणी मला फिरंगी म्हणजे जागणारा माणूस असंच वाटायचं. गोरा असा त्याचा अर्थ मी पाचवीत गेल्यावर इतिहासाच्या पुस्तकातून शिकले.

२०१६ मध्ये त्यांच्या कानामागं एक जखम झाली ती भरेना. रंगद्रव्य नसलेल्या कातडीला कर्करोगाचा धोका फार असतो. नागपूरला नेलं, उपचार झाले, पण फार लांबलं नाही. २०१७ च्या पावसाळ्यात ते गेले.

*

भांडण झालं ते त्यांच्या मागं, वारस नोंदीच्या वेळी. मृत्यूच्या दाखल्यावर महादेवाचं नाव, सातबाऱ्यावर फिरंगी. ही दोन माणसं एकच आहेत हे कागदावर सिद्ध करायचं होतं. तीन-चार खेपा झाल्या. प्रतिज्ञापत्र करावं लागलं.

माझा चुलतभाऊ, काकांचा एकुलता मुलगा, पुण्यात नोकरीला आहे. त्याचं म्हणणं होतं की या निमित्तानं हे फिरंगी प्रकरण कायमचं मिटवून टाकू. प्रतिज्ञापत्रात लिहू की सातबाऱ्यावरचं नाव चुकून पडलं होतं, खरं नाव हे. मी त्याला असिसीची गोष्ट सांगितली. त्यानं ऐकून घेतली आणि म्हणाला, "ताई, असिसीच्या बापानं लाडानं नाव ठेवलं. आपल्याकडे लोक आजीबद्दल बोलत होते. मला शाळेत पोरं विचारायची, तुझा आजा कोणत्या पलटणीतला? हे तुझ्या पोपला कुणी विचारलं होतं का?"

याला माझ्याकडे शब्दांच्या इतिहासातलं उत्तर नव्हतं. जो शब्द कुणाला दुखवायला वापरला गेला, तो दुसऱ्या देशात संताचं नाव आहे म्हणून दुखायचा थांबत नाही.

उत्तर होतं ते आमच्या घरातच. आजा आणि आजी हे आते-मामे भावंडं होते. आजी म्हणजे आज्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. अशी लग्नं तेव्हा आमच्यात सर्रास होत. अल्बिनिझम आईकडून आणि बापाकडून, दोघांकडूनही एकेक दोषी जनुक आला तरच दिसतो. एकाकडूनच आला तर मूल साधारण रंगाचं होतं, पण तो जनुक पुढं नेतं. नात्यातल्या लग्नात तोच जनुक दोन्हीकडे असण्याची शक्यता वाढते, आणि दोघांकडे असेल तर दर मुलामागं चारात एक अशी शक्यता असते. कामठीच्या कुठल्याही सोजिराचं मूल गोरं झालं असतं, अंगातला रंग नाहीसा झालेलं नव्हे. काकांचे पांढरे केस आणि हलते डोळे हाच पुरावा होता की ते आज्याचेच होते. तेवढ्या ठामपणे ते आमच्या सावळ्या बाबांनाही सिद्ध करता आलं नसतं.

आज्याला जनुक माहीत नव्हते. तरी त्यानं पटवाऱ्यासमोर उभं राहून सांगितलं, फिरंगी वल्द मी. गावानं दिलेलं नाव आणि आपलं नाव, मध्ये 'मुलगा' हा एक शब्द घालून त्यानं सरकारी कागदावर बांधून टाकलं होतं. ते चुकून पडलेलं नाव आहे असं प्रतिज्ञेवर लिहायचं, म्हणजे आज्याची ती साक्ष खोडायची. मी भावाला एवढंच सांगितलं. तो गप्प बसला. पटलं की नाही ते बोलला नाही.

काकू इतका वेळ भाज्या निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमी दोघं काय लिवाचं ते लिवा. माह्या नावापुढं फिरंगीच पाहिजे. मी त्या दुसऱ्या मानसाची बायको नाई."

शेवटी प्रतिज्ञापत्रात 'चुकून' हा शब्द आला नाही. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असून ती दोन्ही नावांनी ओळखली जात होती, असं लिहिलं. मधे 'उर्फ' घातलं. मुलाच्या नावात बापाचं नाव शाळेच्या दाखल्याप्रमाणं महादेवाचं राहिलं, कारण पुण्यातले त्याचे सगळे कागद तसे आहेत आणि त्याचं म्हणणं त्याच्या जागी खरं आहे. काकूंच्या नावापुढं 'बेवा फिरंगी' आलं. एकाच सातबाऱ्यावर आई एका माणसाची विधवा आहे आणि मुलगा दुसऱ्याच माणसाचा, असं अनोळखी माणसाला वाटेल. आता वाटलं तर वाटो.

यंदा भावाला मुलगी झाली. बारशाच्या आधी त्यानं फोन करून विचारलं, "ताई, त्या फ्रान्सिसमध्ये मुलींची नावं असतात का?" मी सांगितलं, असतात की. फ्रान्चेस्का, फ्रांस्वाज, फ्रान्सेस, फ्रान्झिस्का. तो म्हणाला, "नाही, ठेवायचं नाहीये. सहज विचारलं." मुलीचं नाव पेंच नदीच्या काठच्या देवीचं ठेवलंय. काकू तिला काय म्हणतात ते विचारलं, तर म्हणाल्या, "रंग सावळा हाय तिचा. पन रात्रभर जागते."